कमिट मेसेजचे नियम एडिटरमध्ये लावले, पण पाळतंय कोण?

अर्धविराम
मंडळी, धागा जरा रुक्ष विषयावर आहे, पण डोकं उठलंय म्हणून काढतोय.

आमची सात जणांची टीम आहे. गिटमधल्या कमिटचा (म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांचा) इतिहास उघडला की असे मेसेज दिसतात: "फिक्स", "फिक्स २", "चेंजेस", "आता नक्की", "रिव्ह्यूप्रमाणे". एकाने तर नुसतं टिंब दिलंय. म्हणून व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंग्जमध्ये गिटचं इनपुट व्हॅलिडेशन (मेसेजच्या ओळींची लांबी तपासणारी सोय) चालू केलं, पहिल्या ओळीला ५० आणि बाकीच्या ओळींना ७२ अक्षरं अशी मर्यादा घातली. शिवाय कन्व्हेन्शनल कमिट्स या मेसेजच्या ठराविक साच्याचं एक्स्टेन्शन टाकलं, जे बदलाचा प्रकार आणि स्कोप (कोडचा कुठला भाग) यादीतून निवडायला लावतं. सेटिंग्जची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवली, म्हणजे सगळ्यांना आपोआप मिळेल.

आठवडा झाला. माझ्याकडे ओळ लांबली की खालून नागमोडी रेघ येते. बाकी सहा जणांकडे काही म्हणजे काही दिसत नाही, आणि इतिहासात पुन्हा "फिक्स ३".

प्रश्न असे: नियम सगळ्यांपर्यंत पोचवायचे कसे? ५० ही मर्यादा झेपते का? आणि आमच्यातले दोघे मराठीत मेसेज लिहितात, त्यांची ओळ फार लवकर संपते. असं का होतं?

आळशी_उंट
"आता नक्की" वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे "आता नक्की" नंतर "आता खरंच नक्की" असतो.

खोडरबर
आधी साध्या गोष्टी तपासा. ते व्हॅलिडेशन सध्याच्या आवृत्त्यांत मुळात बंद असतं, म्हणजे नुसते आकडे भरून काही होत नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. तुमच्याकडे दिसतंय म्हणजे कुठेतरी चालू आहे. पण कुठे? एडिटरला सेटिंग्जचे दोन थर असतात, एक तुमचा स्वतःचा आणि एक प्रोजेक्टचा. प्रोजेक्टचा थर डॉट व्हीएसकोड या फोल्डरमधल्या फाइलीत राहतो आणि दोन्हीकडे तीच सेटिंग असेल तर प्रोजेक्टची चालते. बहुतेक वेळा माणूस घाईत स्वतःच्या थरात बदल करतो आणि प्रोजेक्टमध्ये केला असं समजतो.

अर्धविराम
@खोडरबर, फाइल प्रोजेक्टमध्येच आहे, आत्ता डोळ्यांनी बघितली. आकडेही त्यातच आहेत.

टर्मिनलवाला
मुळात एडिटर ही नियम लावायची जागाच नव्हे. ती नागमोडी रेघ म्हणजे 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. वाचणारा वाचतो, बाकीचे आत शिरतात. माझ्यासारखा माणूस कमिट टर्मिनलमधून करतो, त्याला तर ती पाटी दिसतसुद्धा नाही.

दार हवं असेल तर कमिट-एमएसजी हूक, म्हणजे कमिट होण्याआधी गिट आपोआप चालवतं ती छोटी स्क्रिप्ट. मेसेज लिहून झाला की गिट तो एका फाइलीत ठेवतं आणि त्या फाइलीचा पत्ता हूकला देतं. हूकने शून्य सोडून दुसरा आकडा परत केला की कमिट होत नाही. एडिटर कुठलाही असो, बटण दाबा नाहीतर हाताने टाइप करा, वाट त्याच दारातून जाते.

फक्त हूक क्लोनबरोबर (प्रोजेक्टची प्रत उतरवून घेताना) येत नाहीत. ते डॉट गिट या फोल्डरच्या आत असतात आणि तो भाग प्रत्येकाचा खासगी. गिट २.९ पासून हूकचं फोल्डर दुसरीकडे असल्याचं कॉन्फिगमध्ये सांगता येतं, ते प्रोजेक्टमधल्या फोल्डरकडे वळवा. पण ती एक आज्ञा तरी प्रत्येकाला आपल्या मशीनवर द्यावीच लागते. आणि मॅक किंवा लिनक्सवर हूकची फाइल एक्झिक्युटेबल करायला विसरू नका, नाहीतर गिट तिला ओलांडून पुढे जातं.

आळशी_उंट
आणि तुमच्या दाराला मागचं दार आहे, हूक टाळायचा नो-व्हेरिफाय हा पर्याय. मी रोज तिथूनच ये-जा करतो. (कृ. ह. घ्या.)

टर्मिनलवाला
@आळशी_उंट, म्हणून तर सर्व्हरवर पुन्हा तपासायचं. तिथे तुमचा उंट अडतो.

कंसातली
हूकबद्दल अनुमोदन, पण एक खड्डा सांगून ठेवते. आम्ही हस्की (हूक बसवून देणारं साधन) आणि कमिटलिंट (मेसेज नियमांशी ताडणारं साधन) बसवलं. टर्मिनलमधून झकास चालायचं. एडिटरच्या बटणातून कमिट केला की "कमांड सापडली नाही" म्हणून नापास. दोन दिवस आम्ही नियमांत चूक शोधत बसलो. नियम बरोबर होते. आयकनवर क्लिक करून उघडलेल्या एडिटरला टर्मिनलमधला पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) मिळेलच असं नसतं. कमिटलिंट ज्यावर चालतं तो नोड एनव्हीएमने बसवलेला होता, त्यामुळे हूकला नोडच सापडत नव्हता. तोच एडिटर टर्मिनलमधून उघडला की सगळं सुरळीत. तुमच्याकडे कुणी म्हणालं की "माझ्याकडे चालत नाही", तर पहिल्यांदा हे बघा.

जाता जाता, कमिटलिंटच्या नियमात तीन गोष्टी असतात: पातळी, होकार-नकार आणि किंमत. पातळी ० म्हणजे नियम बंद, १ म्हणजे नुसती ताकीद, २ म्हणजे अडवणूक. मधला शब्द ऑलवेज किंवा नेव्हर. हा मधला शब्द फार दगा देतो. मी एकदा 'सब्जेक्ट एम्प्टी' या नियमापुढे मोठ्या विश्वासाने ऑलवेज लिहिलं. मनात होतं, "हे नेहमी तपास". त्याने वाचलं, "विषय नेहमी रिकामाच हवा". अख्खी टीम अडली. ज्याने मेसेज लिहिला तो नापास.

मौनी
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

निळीशाई
@कंसातली 😄 तुमच्या टीमने काहीच न लिहिता कमिट केला असता तर तो पास झाला असता का?

कंसातली
@निळीशाई, नाही ना. 'प्रकार रिकामा नको' असा वेगळा नियम आहे, तो चालू होता. म्हणजे लिहिलं तरी मार, नाही लिहिलं तरी मार.

शून्यापासून
मी थोडा उलट बोलतो. हे सगळं कर्मकांड आहे. आमच्याकडे शेवटी स्क्वॉश करून एकच कमिट होतो. मधल्या वीस कमिटांत कुणी "फिक्स ३" लिहिलं काय नि कविता लिहिली काय, सगळं एकत्र दळलं जातं. कोण वाचतं? मग प्रत्येक छोट्या कमिटला अडवून माणसांची लय का तोडायची?

टर्मिनलवाला
स्क्वॉश होत असेल तर निम्मा सहमत. पण मग शेवटच्या एका कमिटचा मेसेज येतो कुठून? गिटहबवर बहुधा पुल रिक्वेस्टच्या (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीच्या) शीर्षकातून. ते ब्राउझरमध्ये लिहिलं जातं आणि विलीनीकरण सर्व्हरवर होतं. तुमचा हूक तिथे नसतोच. म्हणजे लोक वीस वेळा हूकशी झगडतात आणि इतिहासात कायमची राहणारी ओळ कुणीच तपासत नाही. स्क्वॉशवाल्यांनी सीआयमध्ये (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत) शीर्षकाला नियम लावावा आणि मधल्या कमिटांना मोकळं सोडावं.

रात्रपाळी
"कोण वाचतं?" याचं उत्तर देते, थोडं लांबेल.

एका जुन्या प्रणालीत काम करत होते. बाहेरच्या सेवेला विनंती पाठवायची, उत्तर नाही आलं तर ३७ सेकंद थांबायचं आणि पुन्हा पाठवायची. ३७! ना ३०, ना ४०. गिटचं ब्लेम (कुठली ओळ कुणी, कुठल्या कमिटात बदलली ते दाखवतं) लावून बघितलं, कमिट मेसेज होता "चेंजेस". लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला. मला वाटलं, कुणीतरी चाचणी करताना भरलेला आकडा तसाच राहिला असेल. ५ केला. सगळ्या चाचण्या हिरव्या.

तिसऱ्या दिवशी नोंदी दुहेरी पडायला लागल्या. पलीकडची सेवा गर्दीच्या वेळी ३५ सेकंदांपर्यंत वेळ घ्यायची आणि मगच पहिली विनंती नोंदवायची. आम्ही त्याआधीच दुसरी पाठवत होतो. नोंदी निस्तरण्यात दोन रात्री गेल्या. नंतर ३७ परत आणला आणि त्या कमिटखाली अकरा ओळी लिहिल्या.

पण या धाग्याच्या संदर्भात खरी गोम पुढे आहे. समजा त्या माणसाच्या मशीनवर तुमचं एक्स्टेन्शन, हूक, सीआय सगळं असतं. त्याने काय लिहिलं असतं? "फिक्स: टाइमआउट बदलला". प्रकार आहे, कोलन आहे, लांबी मर्यादेत, शेवटी टिंब नाही. सगळ्या नियमांत पास. आणि मी तरीही ५ केला असता.

निळीशाई
@रात्रपाळी ताई, अंगावर काटा आला.

खोडरबर
रात्रपाळी यांच्या मुद्द्यावर एक उपाय आहे, सक्तीचा नाही पण उपयोगी. गिटला कमिट टेम्प्लेट (मेसेजचा आयता साचा) देता येतं, कॉन्फिगमध्ये फाइलीचा पत्ता द्यायचा. त्या फाइलीत आम्ही दोनच प्रश्न ठेवलेत, हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत: "हा बदल का?" आणि "दुसरं काय करून पाहिलं?" कमिटसाठी एडिटर उघडला की ते समोर येतात, कमिट होताना गळून पडतात. लोक प्रश्न दिसला की उत्तर देतात. नियम दिसला की पळवाट शोधतात.

आळशी_उंट
थांबा थांबा. हॅशने सुरू होणारी ओळ गळून पडते?? मी कित्येक दिवस "#४१२ लॉगिनची दुरुस्ती" असं लिहितोय आणि गिट म्हणतंय मेसेज रिकामा आहे, कमिट रद्द. मला वाटायचं गिटला मी आवडत नाही.

टर्मिनलवाला
गिटला तुम्ही आवडत नसालही, पण कारण ते नाही. एडिटर उघडून लिहिलेल्या मेसेजमध्ये हॅशची ओळ म्हणजे टिप्पणी, ती काढून टाकली जाते. तोच मेसेज मायनस एम लावून थेट दिला तर टिकतो. तिकिटाचा आकडा ओळीच्या शेवटी टाका. नाहीतर कॉन्फिगमध्ये टिप्पणीचं चिन्ह बदलून अर्धविराम करा.

अर्धविराम
माझं नाव का मध्ये घेता 🙂

कंसातली
५० बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. ५० आणि ७२ हे आकडे टिम पोप यांनी २००८ मध्ये ब्लॉगवर मांडले आणि तिथून पसरले. ७२ मागे हिशोब आहे: टर्मिनलची रुंदी ८०, गिट लॉग मेसेज डावीकडून चार जागा आत सरकवून दाखवतो, उजवीकडे तेवढ्याच चार सोडल्या की उरतात ७२. ५० चं तसं गणित नाही, ती संक्षेपाची शिस्त आहे. लिनक्स कर्नलवाले तर पहिल्या ओळीला ७० ते ७५ पर्यंत चालवून घेतात, आणि गिट जन्मलं तेच २००५ मध्ये त्यांच्या कामासाठी.

आता अर्धविराम, तुमच्या बाबतीत दोन पट्ट्या एकमेकींशी भांडतायत. एडिटर अख्खी पहिली ओळ मोजतो, प्रकार आणि स्कोप धरून. "फीट", कंसात "लॉगिन", कोलन आणि एक मोकळी जागा, हे रोमन लिपीत लिहिलं तर १३ जागा तिथेच खर्च. उरल्या ३७. उलट कमिटलिंटच्या कन्व्हेन्शनल संचात पहिल्या ओळीची मर्यादा १०० आहे. तुम्ही पुढेमागे हूक बसवलात तर ८० अक्षरांच्या ओळीवर एडिटर कुरकुर करणार आणि हूक सोडून देणार. चार दिवसांत लोक एडिटरकडे दुर्लक्ष करायला शिकतात. आकडा कुठलाही घ्या, पण सगळीकडे एकच.

रात्रपाळी
३७ उरल्या? हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.

निळीशाई
मराठी मेसेजचं मी सांगते, कारण तो घोळ मी घातलाय.

आपल्याला "स्त्री" हे एक अक्षर दिसतं. संगणक त्यात सहा घटक मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. जोडाक्षरं, काना-मात्रा, अनुस्वार, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्यामुळे डोळ्यांना पंचवीस-तीस अक्षरांची वाटणारी ओळ मर्यादेला टेकते. तुमच्या दोघांची ओळ लवकर संपते ती म्हणून.

पण एडिटर तरी घटक मोजतो. मी शेलमध्ये हूक लिहिला होता आणि त्यात लांबीसाठी डब्ल्यूसी या मोजणाऱ्या आज्ञेला मायनस सी दिला. तो बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा. म्हणजे ५० च्या मर्यादेत सतरावा घटक लिहिला की दार बंद. "सत्यापनाची दुरुस्ती" एवढंसुद्धा बसेना. मायनस एम लावल्यावर घटक मोजले जायला लागले, अर्थात मशीनचं लोकेल (भाषेची सेटिंग) नीट असेल तर.

आळशी_उंट
म्हणजे एक स्त्री = सहा घटक = अठरा बाइट. घरी सांगितलं, म्हणाली "कमीच मोजलंय."

मौनी
खिक्.

शून्यापासून
अवांतर: इंग्रजीत सगळे सांगतात की मेसेज आज्ञार्थी लिहा, कारण गिट स्वतः मर्ज आणि रिव्हर्टचे मेसेज तसेच लिहितं. मराठीत काय करायचं? "दुरुस्त कर"? "दुरुस्त करा"? गिटला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो?

खोडरबर
आमच्याकडे एक सद्गृहस्थ "सदर त्रुटी दूर करण्यात आली आहे" असं लिहायचे. निम्मी ओळ नम्रपणात जायची, कुठली त्रुटी ते लिहायला जागाच उरायची नाही.

निळीशाई
नाम वापरा: "लॉगिनची दुरुस्ती". कुणाला आज्ञा नाही, कुणाचा मान-अपमान नाही. तसं तर प्रकारांच्या अकरा नावांत "चोअर" (किरकोळ काम) आहे, आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने ते "चोर" वाचलं आणि विचारलं की याच्या निम्म्या कमिटांवर चोर का लिहिलंय.

आळशी_उंट
हल्ली ही कटकटच नको. कोपायलट या एआय मदतनिसाचं बटण दाबायचं, मेसेज तयार.

कंसातली
त्यालाही सूचना देता येतात. सेटिंग्जमध्ये मेसेज बनवण्यासाठीच्या सूचनांची जागा आहे, तिथे थेट मजकूर लिहा किंवा फाइल जोडा. पण त्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. कधी पाळतो, कधी विसरतो. शिवाय तो बघतो बदललेल्या ओळी. ३७ चे ५ झाले हे तो सुरेख वाक्यात सांगेल. का झाले ते त्या ओळींत नसतंच, तर तो सांगणार कुठून?

टर्मिनलवाला
अगदी. अर्धविराम, तुम्ही आहात का अजून? धागा तुमचा, आणि आम्ही गिटच्या मानपानावर पोचलो.

अर्धविराम
आहे, आहे. आणि सापडलं!

फाइल प्रोजेक्टमध्ये होती हे खरं, पण रेपोत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) कधी गेलीच नव्हती. कुणीतरी खूप आधी इग्नोअर फाइलीत (गिटने काय घ्यायचं नाही त्याच्या यादीत) डॉट व्हीएसकोड हे अख्खं फोल्डर टाकून ठेवलंय. गिट चेक-इग्नोअर ला मायनस व्ही देऊन विचारलं, त्याने कुठल्या फाइलीतली कितवी ओळ आडवी येतेय तेही दाखवलं. म्हणजे आठवडाभर मी ज्या नियमांवरून लोकांवर चिडत होतो ते फक्त माझ्याच मशीनवर होते. टीमची माफी मागितली.

आता अडकलोय ते असं: खाली उद्गारचिन्ह लावून "सेटिंग्जची फाइल मात्र घे" अशी ओळ घातली, तरी गिट ती फाइल घेत नाही.

खोडरबर
तरीच! फोल्डरच वगळलं असेल तर गिट त्याच्या आत डोकावतच नाही, मग आतल्या फाइलीचा अपवाद त्याला दिसणार कसा? फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आणि तारा लावा, म्हणजे "फोल्डर नको" ऐवजी "फोल्डरमधलं सगळं नको" असं होईल. मग खालचा अपवाद चालतो. असाच अपवाद शिफारशींच्या फाइलीलाही द्या. तिच्यात एक्स्टेन्शनचं नाव लिहिलं की प्रोजेक्ट उघडणाऱ्याला एडिटर ते बसवायला सुचवतो. बसवायचं की नाही हे त्याच्यावर.

अर्धविराम
गेली! तिघांकडे नागमोडी रेघ आली, एकाने लगेच विचारलं की ही बंद कशी करायची. उरलेल्यांपैकी दोघं टर्मिनलवाले आहेत, एक दुसरा एडिटर वापरतो.

ठरलं ते असं. पहिली ओळ ७२, एडिटरमध्ये आणि कमिटलिंटमध्ये एकच. हूक बसवतोय, पण महिनाभर लांबीच्या नियमाची पातळी १, म्हणजे ताकीद. आम्हीही स्क्वॉश करतो, त्यामुळे शीर्षकाची सक्ती सीआयमध्ये. आणि टेम्प्लेटमध्ये "हा बदल का?" हा एकच प्रश्न. रात्रपाळी ताईंची ३७ ची गोष्ट टीमला वाचून दाखवली, टिंबवाला गप्प झाला.

रात्रपाळी
टिंबवाल्याला सांगा, माझ्या जुन्या कमिटांत "अबक" सुद्धा आहे.

शून्यापासून
विम एडिटरसाठी यातलं काय करावं लागेल?

टर्मिनलवाला
@शून्यापासून, जवळजवळ काही नाही. विमचं कमिट मेसेजचं रंगकाम पहिल्या ओळीत ५० च्या पुढचा भाग वेगळा दाखवतं आणि पुढच्या ओळी ७२ ला तोडतं. फक्त रंगकाम आणि फाइलटाइप प्लगइन चालू हवेत.

निळीशाई
अर्धविराम, इग्नोअरवाल्या त्या कमिटचा मेसेज काय दिलात ते दाखवा ना.

अर्धविराम
"सेटिंग्ज फाइल इग्नोअर यादीतून बाहेर काढ"

खाली तीन ओळी आहेत, का काढली त्याच्या. मोजून घ्या.

कंसातली
३९. जुन्या पन्नाशीतही बसलं.

शून्यापासून
"काढ"? म्हणजे अरे-तुरेच ठरलं तर.

अर्धविराम
"काढा" लिहिलं असतं तर ४० झाले असते.